मामाजी दोरावर

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी जेवताना मामाजी, म्हणजे माझे सासरे, ताटातून मान वर न करता म्हणाले, "यंदा नाल्यात उतराले म्या बी येतो."

घास माझ्या हातातच राहिला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली.

"कायले?" त्या म्हणाल्या. "या वयात कोनी दोराले लटकते का?"

"आपल्या विहिरीचं पाणी येते कुठून थे पाहाचं हाय मले," मामाजी म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

आमचं शेत संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कांदा, मिरची, वांगी, थोडी संत्री. डोंगरातून उतरणारा नाला आमच्या शिवाराच्या अलीकडेच गोट्यांच्या रानात मुरून जातो. पावसाळा सरला की सपाटीवर त्याचा पत्ता लागत नाही, पण वर डोंगरात तो हिवाळाभर वाहता असतो. त्या मुरलेल्या पाण्यावर आमची विहीर चालते. मामाजींचा जन्म ते पाणी उपसण्यात गेला, पण नाल्याचा मधला भाग त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिथे तो दोन उभ्या कड्यांमध्ये शिरतो आणि टप्प्याटप्प्यानं कोसळत खाली येतो. चालत तिथे जाता येत नाही. दोर लागतो.

दोर माझ्याकडे होता. कॉलेजात असताना मी हिमालयात जाऊन गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलं, आणि तेव्हापासून डोंगर काही सुटला नाही. मला पाहायला आले तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, की स्वयंपाक करीन, शेतात राबीन, पण दिवाळीनंतर काही दिवस मी दोर घेऊन डोंगरात जाणार. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मामाजींनी फक्त एक विचारलं होतं, "दोर कशाचा असते? सुताचा का नायलॉनचा?" मी नायलॉनचा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. माझं लग्न त्या मान हलवण्यानं जमलं असं मी अजून मानते.

त्यानंतर मात्र आमच्या दोघांत बोलणं असं फारसं झालंच नाही. राग-रुसवा काही नव्हता, घराची रीतच तशी. ते ओसरीवर आले की मी खाटेवरून उठायची, डोक्यावर पदर घ्यायची. त्यांना काही सांगायचं असलं की आत्याबाईंना सांगायची, आणि आत्याबाई ते त्यांच्या भाषेत पोचवायच्या. "चहा ठेवू का" आणि "पाऊस येते वाटते" यापलीकडे आम्ही गेलो नव्हतो.

नवरा रात्री म्हणाला, "नाही म्हन. तुह्यं आयकतीन थे."

"काऊन नाही म्हनू? पाहू तर खरं, जमते का."

साठी उलटली असली तरी मामाजींचं अंग काटक होतं. रोज पायी शेतात जायचे, वाफ्यात वाकून दिवसभर खुरपायचे. मी ठरवलं, आधी आपल्या विहिरीत उतरवून पाहायचं. तिथे जमलं तर नाला.

माझी दोरावरची जोडीदारीण मेहकरकडची, हिवरा आश्रमाच्या पलीकडच्या एका गावातली. शाळेत खेळाच्या तासाची बाई आहे, आणि तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. सुटी असल्यानं ती आमच्याकडे येऊन राहिली. विहिरीच्या थारोळ्याजवळच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी हौदाजवळच्या, चिंचेला आम्ही दोर बांधला. नवऱ्यानं वडिलांच्या कमरेला हार्नेस, म्हणजे मांड्यांतून आणि कमरेभोवतून घ्यायचा पट्टा, बांधून दिला. ते काम मला करता आलं असतं, पण मी हात मागे बांधून उभी राहिले. सासऱ्यांच्या मांडीचा पट्टा सून आवळते असं आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही.

विहिरीचं भय मामाजींना नव्हतंच. त्याच विहिरीत ते पोहायला शिकले होते. अडचण वेगळी होती. त्यांचा विश्वास फक्त हातांवर. दोरानं उतरताना माणसानं दोराला लोंबकळायचं नसतं. पट्ट्यावर खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं, तळपाय भिंतीला सपाट लावायचे, आणि एक हात कमरेच्या मागे ठेवून त्या हातानं दोर थोडा थोडा सोडायचा. तो मागचा हात म्हणजे ब्रेक. मामाजी काठावरून खाली गेले आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा दोर घट्ट धरून बसले. ना खाली, ना वर.

मी काठावरून म्हटलं, "मामाजी, उजवा हात जरा खाली घेता का?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. मैत्रीण माझ्या शेजारून ओरडली, "काका! उजवा हात कमरेच्या मांगं! हां, तसाच! आता बसा खाली!" मामाजींनी लगेच ऐकलं आणि चार हात उतरले.

ती माझ्याकडे वळली. "तू असं लाजून बोलशीन तर सासऱ्याले पाडशीन. नाल्यात पाण्याचा आवाज असते. तिथं तुही कुजबुज कोन आयकीन व?"

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी पदर कमरेला खोचला आणि विहिरीत तोंड घालून पोटातून आवाज काढला. "मामाजी, बसा! पट्ट्यावर बसा! उभं राहू नका! पाय भिंतीले लावा!"

आत्याबाई थारोळ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. विहिरीतून मामाजींचा आवाज घुमत वर आला, "बसलो! आता काय करू?"

"आता सोडा हळूहळू!"

ते पाण्यापर्यंत बिनधोक गेले. आठवडाभर आम्ही रोज सराव केला. शेवटी शेवटी ते उतरता उतरता मध्येच थांबायचे आणि विहिरीच्या बांधकामातला सुटलेला दगड मला दाखवायचे. मग मी सांगून टाकलं, मामाजींना नेते.

नाक्यावर वनखात्याच्या माणसाकडे नावं लिहून आम्ही सकाळी जीपनं वर गेलो. नवऱ्यानं आम्हाला पठारावरच्या वस्तीशी सोडलं. तो जीप घेऊन वळसा मारून खाली, नाला जिथे कड्यांतून बाहेर पडतो तिथे थांबणार होता. मामाजींनी नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. हेल्मेट घालायला ते तयार होते, पण टोपी काढायला तयार नव्हते. शेवटी पांढऱ्या टोपीवरच लाल हेल्मेट चढलं.

सुरुवातीला नाला साधाच होता. जांभळाच्या सावलीत गुडघाभर पाणी, शेवाळलेले गोटे. मग दोन्ही बाजूंचे काळे कडे जवळ येत गेले, आभाळाची पट्टी अरुंद झाली, आणि समोरचं पाणी एकदम दिसेनासं झालं. तो पहिला धबधबा. खडकात आम्ही पूर्वीच बसवलेला लोखंडी बोल्ट होता. त्यातून दोर ओवून दुहेरी खाली सोडला. मैत्रीण आधी उतरली आणि खाली दोराची टोकं धरून उभी राहिली. वरचा माणूस चुकला तरी खालच्यानं टोकं ताणली की तो जागीच थांबतो.

इथे नवरा नव्हता. मामाजींचे पट्टे मीच तपासले, ढिला होता तो आवळला. त्यांनी नजर समोरच्या कड्यावर ठेवली. मीही तेवढ्यापुरतं बकलाकडेच पाहिलं.

काठावर पाठमोरे उभे राहून ते थबकले. विहिरीत खाली पाणी दिसायचं. इथे खाली फेस होता आणि त्या फेसात एवढीशी मैत्रीण.

"मामाजी, खाली पाहू नका. माह्याकडे पाहा."

"पाहून राह्यलो."

"बसा."

ते बसले. कड्याच्या काठावरून त्यांचे बूट दिसेनासे झाले, मग गुडघे, मग हेल्मेट. थोड्या वेळानं खालून मैत्रिणीची शिट्टी आली. मी उतरले तेव्हा मामाजी अंग झटकत उभे होते, चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं.

दोर ओढून घेण्याआधी मी त्यांना विचारलं. "मामाजी, हा दोर ओढला का मग वरतं जाता येत नाही. खालीच जा लागते. सांगा."

"ओढ," ते म्हणाले.

पुढचा टप्पा म्हणजे पाण्यानं घासून गुळगुळीत केलेली उतरती शिळा, आणि तिच्या तळाशी डोह. तिथे दोर लागत नाही. हात छातीशी, पाय जुळवलेले, आणि सोडून द्यायचं. मामाजींनी मला तीनदा विचारलं, डोह खोल आहे ना. मग "आगाऽऽ" असं ओरडत जे गेले ते डोहात गडप झाले, आणि वर आले ते हसतच. एवढं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "आनखी एकदा जाता येते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर चढता येत नाही. लहान पोरासारखं त्यांचं तोंड पडलं.

त्याच्या खाली खडकांची उतरंड होती. दोराइतकी उंच नव्हती, उडी मारण्याइतकी ठेंगणीही नव्हती. अशा जागी खडकाकडे तोंड करून शिडीसारखं उतरावं लागतं, आणि पाय कुठे ठेवायचा ते उतरणाऱ्याला दिसत नाही. मी खाली उभी राहिले आणि मामाजींची टाच दोन्ही हातांनी धरून खाचेत बसवत गेले. सणावाराला त्यांच्या पाया पडताना मी बोटं टेकवून लगेच हात मागे घेते. इथे ती टाच मी घट्ट दाबून धरली आणि ओरडले, "टाका वजन! म्या धरलं हाय!" त्यांनी वजन टाकलं.

मग नाला वळला आणि मी मूठ वर केली. थांबा.

मोठ्या धबधब्याच्या डाव्या अंगाला खडक छपरासारखा पुढे आला आहे. त्या छपराखाली आग्या मोहोळ लटकत होतं. उभ्या टांगलेल्या रुंद फळीएवढं, काळं. त्याच्या अंगावरून मधूनच एक लाट सरकत जायची. माश्या एकापाठोपाठ एक अंगाचा मागचा भाग उचलायच्या आणि ती लाट वरून खाली जायची. आमचा बोल्ट त्याच्या अगदी जवळ होता. आदल्या वर्षी तिथे काही नव्हतं.

आम्ही वळणामागे आलो. तिघं डोकी जवळ करून बसलो.

"लाट आली म्हंजे त्यायनं आपल्याले पाह्यलं," मामाजी हलक्या आवाजात म्हणाले. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटात त्यांचा माश्यांशी रोजचा संबंध, पण त्या लहान, गरीब माश्या. "या पाठी लागल्या तर सोडत नाही."

मागे जाणं शक्य नव्हतं. डोकं शांत ठेवून मी कडे न्याहाळले. उजव्या कड्याला हातभर रुंदीची एक पायरी होती, आणि तिच्या टोकाला खडकातून वाकडं उगवलेलं अंजनाचं झाड. त्या झाडावरून उतरलं तर मोहोळापासून चांगलं लांब राहता येत होतं. मात्र झाड बोल्टापेक्षा उंचावर. दुहेरी दोर पाण्यापर्यंत पोचणार नव्हता, आणि एकेरी बांधला तर खालून ओढून घेता येणार नव्हता.

"किती कमी पडीन?" मैत्रिणीनं विचारलं.

"पुरुषभर. कदाचित जास्त." खालचा डोह मला माहीत होता. दरवर्षी आम्ही तो पोहून पार करतो, तळ कधी पायाला लागला नव्हता. "टोकापर्यंत उतराचं आन दोर सोडून द्याचा. सरळ पाण्यात."

दोघींनी मामाजींकडे पाहिलं.

"पाण्याचं मले सांगू नका," ते म्हणाले.

खुणा ठरल्या. मूठ म्हणजे थांब. डोक्यावर हात म्हणजे सगळं ठीक. उघडा पंजा म्हणजे सोड. यापुढे तोंडातून शब्द नाही. सकाळपासून मी सासऱ्यांवर ओरडत आले होते, आणि आता एकदम मुकं व्हायचं होतं.

पायरीवरून मी आधी गेले. झाडाचं मूळ हलवून पाहिलं, बुंध्याला पट्टी गुंडाळून तिच्यातून मोठा दोर दुहेरी सोडला, मागून येणाऱ्यांना धरायला पिशवीतला आखूड दोर बांधून दिला. मामाजी कड्याला छाती घासत, एक एक पाऊल सरकवत आले. मैत्रीण पहिली उतरली. दोर संपला तिथे क्षणभर थांबली, दोर कमरेच्या कडीतून सुटू दिला आणि पाण्यात गेली. वर येऊन तिनं डोक्यावर हात ठेवला.

मग मामाजी. ते न घाई करता उतरले, पाय सपाट, उजवा हात मागे. विहिरीत शिकवलं होतं तसं, त्याहून चांगलं. दोराच्या टोकाशी ते थांबले. पायाखाली मोकळी हवा आणि हिरवं पाणी. त्यांनी मान वर केली. मी झाडाला टेकून ओणवी झाले होते. आमची नजर भिडली, आणि मी पंजा उघडला.

त्यांनी सोडलं. पाणी उडालं, लाल हेल्मेट खाली गेलं, वर आलं, आणि लांब लांब हात मारत काठाकडे निघालं.

माझी पाळी आली तेव्हा चार-दोन माश्या माझ्याभोवती येऊन गेल्या होत्या. कड्यावर अर्ध्यात असताना एक हेल्मेटच्या पट्ट्यावर बसली. मानेवर पहिला डंख बसला तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात झटकावासा वाटला. पण झटकला असता तर ब्रेकचा हात सुटला असता. मी होते त्याच गतीनं उतरत राहिले. दुसरा डंख कानामागे. तिसरा कुठे बसला ते आठवत नाही. दोर संपला, मी सोडून दिलं, आणि पाण्याखाली दम टिकेल तेवढा राहून पलीकडच्या शिळेखाली वर आले. माश्या थोडा वेळ डोहावर घिरट्या घालून परत गेल्या. त्या चारच होत्या म्हणून. मोहोळ उठलं असतं तर पाणीही पुरलं नसतं.

मैत्रिणीनं झाडावरून लोंबणाऱ्या दोराकडे बोट केलं. तो ओढला असता तर सळसळत, फांद्या हलवत खाली आला असता. मी मान हलवली. राहू दे. शेवटच्या टप्प्याला पुरेल एवढा तो आखूड दोर मी सोडून पिशवीत घेतला होता.

आम्ही वळणापलीकडे गेलो. मैत्रीण पुढची जागा पाहायला गेली. मी खडकावर बसले, तशी मान ठणकू लागली. मामाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि थोडे घुटमळले.

"काटे अंदर राह्यले असतीन," ते म्हणाले. "काढू का?"

मी हेल्मेट काढलं, ओले केस बाजूला केले आणि मान वाकवली. त्यांनी नखानं, चिमटीत न धरता, आडवं खरवडत एक एक काटा काढला. हात जड होता, पण नेमका. "हालू नको. झालंच." मग मागूनच म्हणाले, "तू घाबरली असती तर म्या बी घाबरलो असतो."

मी म्हटलं, "घाबरली होती ना मामाजी."

"दिसलं नाही," ते म्हणाले.

शेवटचा धबधबा लहान होता. तिथे मामाजींनी स्वतःचे पट्टे स्वतः तपासले, मला बोटानं ओढून दाखवले, आणि विचारायच्या आत काठावर पाठमोरे उभे राहिले. खाली उतरल्यावर कडे मागे पडले, ऊन आलं. तिथे पाणी गोट्यांमधून वाहता वाहता पातळ होतं आणि बघता बघता जमिनीत जातं. मामाजी त्या जागी बराच वेळ उकिडवे बसले. ओंजळभर पाणी प्याले. "विहिरीपेक्षा गोड हाय," म्हणाले. एका गोट्यावरून दुसऱ्या गोट्यावर पाहत त्यांनी आमच्या शेताची दिशा धरली, हातानं हवेत एक रेघ ओढली, आणि उठले.

नवरा जीपजवळ भाकरी, ठेचा आणि कांदा घेऊन उभा होता. माझी सुजलेली मान पाहून त्याचा चेहरा उतरला. मामाजींनी त्याला काही बोलू दिलं नाही. मोहोळ, झाड, उडी, सगळं हातवारे करून सांगितलं, आणि सांगता सांगता डोह पार आमच्या विहिरीच्या दुप्पट करून टाकला. मैत्रीण हसत होती. मी भाकरी खाल्ली. इतकी भूक मला क्वचित लागली असेल.

घरी आत्याबाईंनी मानेला चुना लावला आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मामाजींना मात्र त्या दर संध्याकाळी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायच्या.

पुढे थंडी वाढली. मी दुर्बीण घेऊन समोरच्या डोंगराच्या धारेवर गेले तेव्हा मोहोळ उठून गेलेलं होतं, छपराखाली रिकामं मेण तेवढं राहिलं होतं. दोर आणायला आम्ही पुन्हा नाला उतरलो, मामाजींसह. यावेळी त्या शिळेवरून घसरताना त्यांनी आवाज केला नाही, एवढाच फरक.

घरात मात्र बराच फरक पडला. एकदा ज्या माणसावर कड्यावरून ओरडलं त्याच्यासमोर परत हळू बोलणं मला जमेना, आणि त्यांनाही माझं हळू बोलणं ऐकू येईनासं झालं. आता आम्ही बांधावर उभं राहून भांडतो. यंदा त्यांना सगळ्या वाफ्यांत मिरची लावायची होती. मी म्हटलं, निम्म्यात वांगी लावा, एकाच पिकावर सगळं रान टाकू नका. ते म्हणाले, तुले शेतीतलं काय समजते. मी म्हटलं, तुमच्याइतकं नाही, पण समजते. शेजारचा शेतकरी काम थांबवून ऐकत उभा राहिला.

"सून हाय का कोन हाय?" त्यानं मामाजींना विचारलं.

"सून हाय," मामाजी म्हणाले. "तू तुह्या रानात पाह्य." आणि माझ्याकडे वळून, "वांगी कोनती म्हनतं? काटेरी का बिनकाट्याची?"